मामांची कापडी जाळी

त्या नाटकगृहातली सगळ्यात आरामशीर जागा कोणती, असं कंपनीतल्या कुणालाही विचारलं असतं, तर त्याने पहिल्या रांगेतल्या गुबगुबीत खुर्च्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. त्याने विंगेजवळच्या करवंदाच्या जाळीकडे बोट दाखवलं असतं. पुरुषभर उंच, दोन पलंगांएवढी ऐसपैस, आणि गच्च कापूस भरलेली. पडदा ओढणारा दोरीवाला दुपारी तिच्या मागे पाठ टेकून घोरत असे. राणीचं काम करणाऱ्या बाई तिच्या फांदीला चष्मा अडकवत आणि मग अख्ख्या नाटकगृहाला चष्मा शोधायला लावत. आणि राजपुत्राचं काम करणारे राजे तर काय विचारता! पन्नाशी कधीच मागे पडलेली, पोट कमरपट्ट्याला न जुमानणारं, पण आवाज असा की मागच्या भिंतीचे पोपडे पडावेत. दुसऱ्या अंकात राजपुत्र जीव वाचवायला या जाळीत लपतो, राणीचं कारस्थान ऐकतो आणि गर्जना करत बाहेर येतो. राजे लपत नसत, रेलत असत. एकदा तर गर्जनेची वेळ आली आणि गेली, राणीने कारस्थान दोनदा करून दाखवलं, तरी राजपुत्राचा पत्ता नाही. डोळा लागला होता.

ही जाळी मामांची. मामा म्हणजे कंपनीचं सगळं सामान बघणारे. मुकुट, तलवारी, खोटे दागिने, विषाचे पेले, सिंहासनाचा मोडका पाय, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. वयाने मोठी असलेली मंडळीही त्यांना मामाच म्हणत. जाळी मुळात त्यांच्या उस्तादांनी बांधली होती. मामांनी तिला ठिगळं लावून, फळं बदलून, उंदरांपासून राखून इतकी वर्षं जगवली. पानं पोपटी, फळं लालभडक आणि लिंबाएवढी. "मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं पाहिजे," असं उस्ताद म्हणायचे, आणि ते मागच्या रांगेतल्या माणसालाच काय, रस्त्यावरच्या माणसालाही दिसत असे.

गोम एकच होती. करवंदाची खरी जाळी मामांनी जन्मात पाहिली नव्हती. नाटकगृहामागच्या गल्लीत जन्म, तिथेच शाळा, तिथेच लग्न. दिवसा तालमी, रात्री प्रयोग. झाडं त्यांच्या माहितीत दोनच प्रकारची होती, घडी होणारी आणि न होणारी.

जुनं नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं आणि नवा दिग्दर्शक आला. हुशार होता, मनाने चांगला होता, फक्त त्याला सगळं खरं लागत असे. पहिल्याच दिवशी तो जाळीपुढे येऊन उभा राहिला.

"मामा, हे काय?"

"करवंदाची जाळी."

"कशावरून?"

मामांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "नाटकात तसं लिहिलंय."

"आणि ही लाल लाल?"

"करवंदं."

"मामा, हे टोमॅटो आहेत."

बाई फिसकन हसल्या. राजे जाळीवर रेलून चहा पीत होते, तेही हसले, आणि त्यांच्या हसण्याने चार टोमॅटो गळून पडले.

"राजपुत्राच्या जिवावर बेतलंय, म्हणून तो काट्यांत शिरतो," दिग्दर्शक म्हणाला. "इथे तो सोफ्यावर बसतोय. मला खरी जाळी आणा. नाही जमलं तर आपण तो प्रसंग मोकळ्या रंगमंचावर करू, नुसत्या प्रकाशात. आणि मामा, राग मानू नका, पण तुम्हीही आता दमलात. बाहेर दाराशी तिकिटं फाडायचं काम आहे. बसून करायचं."

दाराशी! उभा जन्म ज्या माणसाने पडद्याच्या आत काढला, त्याला पडद्याबाहेर बसायला सांगणं म्हणजे माशाला कपाटात जागा देण्यासारखं. खाली पडलेले टोमॅटो गोळा करून मामांनी खिशात घातले आणि ते घरी गेले.

घर दोन खोल्यांचं, आणि त्यातली दीड खोली कंपनीच्या सामानाची. भिंतीवर झारा, उलथणं आणि दोन तलवारी एकाच खिळ्याला टांगलेल्या. मामींनी भाजी चिरता चिरता त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही. तू कधी करवंदाची जाळी बघितलीस?"

"बघितली म्हणजे? टेकडीपलीकडे आमचं घर. शाळेच्या वेळात आम्ही तिथेच असायचो."

मामांनी खिशातला टोमॅटो काढून पाटावर ठेवला. "हे करवंदासारखं दिसतं?"

मामींनी सुरी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरेना.

"अगं, मग इतकी वर्षं नाटक बघायला येतेस, कधी बोलली नाहीस?"

"मला काय माहीत! मला वाटलं, नाटकातली करवंदं वेगळी असतात. नाटकातले राजे तरी कुठे राजासारखे असतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा, मामी आणि पहार खांद्यावर टाकलेला दोरीवाला, अशी वरात शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरून टेकडी चढू लागली. मामांनी प्रयोगाचे चकचकीत बूट घातले होते. दर दहा पावलांवर ते दगडावर बसत आणि बुटातून खडे काढत. माती अशी नव्हतीच तिथे, नुसता खडक आणि खडकाच्या भेगा. घरून निघताना मामांच्या डोळ्यांपुढे कारंजं सोडून बाकी सगळं असलेली एक बाग होती.

"कुठाय तुझी जाळी?"

"समोर."

समोर खडकाला धरून एक बुटका, काळपट, पिंजारलेला ढीग पसरला होता. कुणी कधी विंचरला नसेल असा.

"हे? हे तर कुणीतरी टाकून दिल्यासारखं दिसतंय!"

"हात लावून बघा."

मामांनी सवयीने तिच्यावर पंजा टेकला, आपल्या कापडी जाळीवर टेकत तसा. पुढची काही वाक्यं दोरीवाल्याने नंतर कंपनीत जशीच्या तशी म्हणून दाखवली, पण ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. काटे जोडीजोडीने, टणक, आणि एकाने सोडलं की दुसरा धरी. मामी मात्र दोन बोटांनी, सोनाराने मणी उचलावा तशा, फळं खुडून तोंडात टाकत होत्या. त्यांनी एक काळं करवंद मामांच्या तोंडात घातलं. मामांचे डोळे आधी मिटले, मग उघडले, मग ते जाळीकडे नव्याने बघू लागले. एकाच घोसात एक फळ हिरवं, एक तांबूस, एक काळंभोर. पान जाडसर, चकचकीत. देठ तुटला की पांढरा चीक.

"आणि मी टोमॅटो लावत होतो," ते पुटपुटले.

कडेची एक लहान जाळी काढायला दुपार झाली. तिचं मूळ खडकात असं रुतलेलं, की दोरीवाला म्हणाला, "मामा, हिला टेकडी सोडायची नाहीये. टेकडीच घेऊन जाऊ." शेवटी ती निघाली. अर्ध्या पिंपात बसवून, हातगाडीवर टाकून त्यांनी तिला नाटकगृहात आणलं. तिघांच्याही हातांवर मांजरांच्या टोळीशी भांडल्यासारखे ओरखडे होते.

तालमीला सगळे जमले. राजे झगा सावरत पुढे आले आणि त्यांनी आपलं प्रसिद्ध वाक्य म्हटलं, "हे वनदेवते, मला तुझ्या कुशीत घे!" आणि नेहमीप्रमाणे अंग सैल सोडून रेलले.

वनदेवतेने घेतलं. 

"आई गं!" हे वाक्य लेखकाने लिहिलेलं नव्हतं, पण राजांनी आयुष्यात इतकं खरं वाक्य म्हटलं नव्हतं. झगा एका फांदीने धरला, टोप दुसरीने. सोडवायला वळले तर मिशीला चीक लागला आणि मिशीचं एक टोक थेट कानाकडे गेलं. राणी धावत आली, तिची ओढणी अडकली. तेवढ्यात दिव्यांच्या उबेने पिंपातले मुंगळे जागे झाले आणि कामाला लागले. एका फांदीवरून सरडा वर आला आणि राजांच्या प्रत्येक हाकेला मान डोलवू लागला. त्या दिवशी राजांना मिळालेली ती एकच दाद.

"थांबा, थांबा!" दिग्दर्शक शेवटच्या रांगेतून ओरडला. "दिसत नाहीये."

"काय दिसत नाही?" राजे कळवळून म्हणाले. "मी मरतोय ते?"

"जाळी दिसत नाही. इथून कोळशाचा ढीग दिसतोय."

"पण खरी आहे," मामा म्हणाले.

"खरी आहे हो, पण खरी वाटत नाही." दिग्दर्शक डोकं खाजवत पुढे आला. "एक करा मामा. पानांवर जरा पोपटी हात फिरवा. आणि फळं... फळं थोडी मोठी वाटतील अशी, लाल करून टाका."

मग बाई हळूच म्हणाल्या, "टोमॅटोसारखी?"

मामांनी ब्रश उचलला, पोपटी रंगात बुडवला आणि जाळीपाशी गेले. दिव्यांच्या तापाने पानं कडेला वळू लागली होती. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. आयुष्यभर त्यांनी कापडाला पान केलं, लाकडाला सोनं केलं. हात कधी थांबला नव्हता. तो त्या दिवशी थांबला.

"हिला मी रंग लावणार नाही."

"का?"

"आपण चेहऱ्याला रंग लावतो ते दुसरं कुणीतरी व्हायला. ही कुणाचं काम करतेय? ही स्वतःच आहे." मामांनी ब्रश पुसून खिशात ठेवला. "पहिल्या प्रयोगापर्यंत वेळ द्या. कापडाचीच करतो. पण दिसेल आणि टोचेल."

दिग्दर्शकाने मामांकडे पाहिलं, राजांच्या मिशीकडे पाहिलं. "ठीक. पण त्या रात्री प्रसंग फसला, तर जाळी माळ्यावर आणि तुम्ही दाराशी. चालेल?"

"चालेल," मामा म्हणाले.

जाळी परत टेकडीवर गेली, आपल्या त्याच भेगेत. मामींनी मुळांभोवती दगड रचले, पाणी घातलं आणि मामांना म्हणाल्या, "आता तिच्याकडे बघू नका. लाड केलेले तिला सोसत नाहीत." मामा मग शेजारच्या मोठ्या जाळीपुढे बसले. बसून दिसेना म्हणून आडवे झाले. आडवे झाले तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण आजवर जाळीचं फक्त डोकं बघत होतो.

आत एक वेगळाच संसार होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गार, काळोखी सावली. वाळलेल्या पानांवर सापाची कात पडलेली. तित्तिराचं एक पीस. आणि मधोमध, काट्यांच्या घेऱ्यात, कसल्याशा मोठ्या झाडाचं एक कोवळं रोप.

"ते तिथे कसं आलं?"

"पाखरं आणून टाकतात बी. बाहेर उगवलं तर शेळ्या खातात. आत तोंड घालायची कुणाची टाप आहे? वाढतं मग निवांत. मोठं झालं की जाळीच्या डोक्यावरून वर जातं, आणि लोक म्हणतात, काय छान झाड आहे."

मामा बराच वेळ त्या रोपाकडे बघत राहिले. मोठमोठ्या नटांना त्यांनी विंगेतून पाणी, तलवार आणि विसरलेलं वाक्य पुरवलं होतं. त्यांना ही जाळी आपल्या नात्यातली वाटू लागली.

"आणि हे भोक?" जमिनीलगत, पानांच्या आड, एक गोल वाट आत जात होती.

"सशाचं दार. आम्हीही तिथूनच जायचो आत. वरून शिरलं तर फाडून काढते, पण वाकलं तर काही करत नाही."

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला काही सुमार नव्हता. गल्लीतल्या सगळ्या मोडक्या छत्र्या मामांनी मागून आणल्या. त्यांचं कापड गडद हिरवं रंगवलं, पानं कापली, त्यांना मेण चोळलं. मागच्या रांगेला दिसावं म्हणून प्रत्येक वरच्या पानाच्या कडेला पिवळ्या रंगाची केसाएवढी रेघ ओढली. दिवा पडला की ती रेघच पान उचलून धरी. छत्र्यांच्या तारांच्या फांद्या झाल्या. काटे कागदाच्या सुरळ्यांचे, खळीत बुडवून वाळवलेले. नटांच्या अंगाला लागू नयेत म्हणून टोकं मुद्दाम मऊ ठेवली. मामी भाकऱ्या थापता थापता फर्मान सोडत.

"काटे जोडीने असतात."

"जोडीनेच लावतोय."

"तिथे नाही, पान फुटतं तिथे. आणि सगळी फळं काळी कशी? एका दिवशी वयात आली का सगळी?"

बटणांवर कापड चढवून केलेली फळं मामांनी पुन्हा रंगवली, काही हिरवी, काही तांबूस, थोडीच काळी. जाळीने खोली भरून गेली. मामींनी प्रत्येक काटा वाळताना बघितला होता, मऊ आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी स्वयंपाकघराकडे जाताना त्या अंग चोरून, आडव्या चालत. मामांनी ते पाहिलं आणि आणखी खळ ढवळली.

मेण इतकं उशिरा सुकलं की जाळी नाटकगृहात पोचली ती पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळीच. रंगवलेल्या चेहऱ्याने राजे विंगेत आले, आणि जागीच थबकले.

"परत आणली ही?"

"राजे, कापडाची आहे."

"मागच्या वेळी 'काही होत नाही' म्हणाला होतात."

"हात लावून बघा ना."

"तुम्हीच लावा हात. मला मिशी एकच आहे."

दुसरा अंक सुरू झाला. दिवा जाळीवर पडला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे वा" म्हटलेलं मामांनी कानाने टिपलं. राजपुत्र धावत आला. "हे वनदेवते, मला तुझ्या कुशीत घे!" आणि कुशीपासून चांगला दोन हात लांब उभा राहिला.



"या घनदाट जाळीत मला आता कुणीही पाहू शकणार नाही!" राजे पोट आत ओढून म्हणाले. अख्खं नाटकगृह त्यांना पाहत होतं. एक खसखस पिकली. राणी कारस्थान करायला आली आणि समोरच राजपुत्र उभा! बाईंनी प्रेक्षकांकडे तोंड करून, डोळे वर लावून, छताशी कारस्थान सुरू केलं. खसखस वाढली.

"गेलं," दिग्दर्शक विंगेत दात आवळून म्हणाला. "मामा, सांगा त्यांना, कापडी आहे!"

"सांगितलं हो. त्यांना पटत नाही."

"मग पडदा पाडा. दोरीवाला!"

दोरीवाल्याने दोरीला हात घातला, पण ओढेना. तो मामांकडे बघत होता. मामा जमिनीवर पालथे पडले आणि जाळीच्या मागून तोंड आत घालून कुजबुजले, "राजे! खाली बघा. दार आहे!"

राजांनी खाली पाहिलं. जमिनीलगत, पानांच्या आड, सशाचं दार. मामांनी ते खऱ्या जाळीला होतं म्हणून ठेवलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. राजे रंगमंचावर कधी वाकले नव्हते. लेखकापुढे नाही, दिग्दर्शकापुढे नाही. पण प्रेक्षकांचं हसू काट्यांपेक्षा जास्त टोचत होतं. "शत्रूची चाहूल!" असं एक वाक्य पदरचं घालून ते गुडघ्यांवर आले, मग कोपरांवर, आणि डोकं आत घातलं. पोटाशी गाडी अडली. मामांनी मागून अंग आत सरकवून झग्याची कॉलर धरली आणि सारा जीव एकवटून ओढली. जाळी थरारली, पानं चमकली, आणि राजपुत्राला तिने गिळलं. बूटसुद्धा दिसेनात.

नाटकगृह चिडीचूप.

आत, काळोखात, मामा आणि राजे नाकाला नाक लावून पडले होते. राजांना धाप लागली होती. त्या धापेतच त्यांनी पुढची वाक्यं म्हटली, हळू, अडखळत, आणि प्रेक्षकांना पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस भ्यालाय. गर्जनेची वेळ आली. ते दारातून डोकं बाहेर काढून, जमिनीवरूनच, रांगत गरजले. टोप फांदीला अडकून मागेच राहिला, टक्कल दिव्यात लखलखलं, आणि कुणीही हसलं नाही. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात.

प्रयोगानंतर दिग्दर्शक मामांपुढे येऊन उभा राहिला. मामांच्या कोपरांना धूळ, केसांत पानं.

"जाळी राहील," तो म्हणाला. "तुम्हीही. फक्त उद्या जरा कमी खरी करा."

"दार मोठं करू का थोडं?"

"अजिबात नको! दार तेवढंच ठेवा."

"माझ्या गुडघ्यांना कुणी विचारा!" राजे ओरडले. मामांनी एक कागदी काटा तोडून त्यांच्यासमोर दोन बोटांत चुरगळून दाखवला, आणि दुसरा त्यांच्या पुढे धरला. राजांनी त्याला हळूच बोट लावलं. "आई गं!" म्हणाले, सवयीने.

दुसऱ्या दुपारी दोरीवाला झोपायला जागा शोधत आला. जाळीला त्याने एक फेरी मारली, आणखी एक मारली, आणि जाऊन भिंतीकडेला उघड्या फरशीवर आडवा झाला. मामांना याहून मोठी दाद कुणी दिली नव्हती. घरी जाऊन त्यांनी मामींना सांगितलं.

"ते ठीक आहे," मामी म्हणाल्या, "पण फळं कालच्यासारखीच आहेत की. काल तांबूस होती ती आता काळी नकोत?"

मामा विचारात पडले. मग रोज प्रयोगाआधी ते ब्रश घेऊन जाळीपाशी बसू लागले. आज हे फळ जरा पिकव, उद्या ते. काळी झालेली दोन-चार काढून खिशात घालत. सुट्टीच्या दिवशी टेकडीवर चक्कर होई. परत लावलेल्या जाळीने सगळी पानं गाळली होती, आणि मग एके दिवशी बुंध्याशी नखाएवढा तांबडा कोंब दिसला. मामींनी सांगितल्याप्रमाणे मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. म्हणजे, सरळ नाही बघितलं.

नाटक जोरात चाललं होतं. एका संध्याकाळी दिग्दर्शक रंगमंचावर आला आणि जाळीपुढे थांबला. नुसती पानं आणि काटे.

"मामा, फळं कुठे गेली?"

मामा विंगेत राणीच्या विषाचा पेला घासत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"मोसम संपला."